तीन मीटर, तीन आकडे: इंदूरच्या एका इमारतीचे अर्थिंग मोजताना

पार्श्वभूमी

राजवाड्यापासून फार लांब नसलेल्या एका जुन्या वस्तीत एका मराठी ट्रस्टची तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर सभागृह, पहिल्या मजल्यावर भाड्याने दिलेली पॅथॉलॉजी लॅब, वर बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या खोल्या. गच्चीवर सोलर, मागच्या बाजूला जनरेटर. ट्रस्टचे आणि माणसांचे नाव इथे देत नाही. आकडे माझ्या वहीतले आहेत.

इमारत साधारण २४ मीटर लांब, १६ मीटर रुंद. चार कोपऱ्यांना अर्थिंगचे चार खड्डे: ४० मिलिमीटर जाडीचा, ३ मीटर लांब जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर सिमेंटची चौकट आणि झाकण. चारही खड्डे जमिनीखालून जीआय पट्टीने एकमेकांना जोडलेले. शिवाय प्रत्येक खड्ड्यातून मेन पॅनेलपर्यंत दोन-दोन पट्ट्या वर गेलेल्या, कारण अर्थिंगच्या जोडण्या दोन आणि स्वतंत्र हव्यात असा आपल्याकडचा नियम आहे. ही दुहेरी पट्टी लक्षात ठेवा, पुढे तिनेच एकाला फसवले.

जमीन माळव्याची. वर दोन-अडीच मीटर काळी माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली काळा पाषाण. दख्खनचा बसाल्ट म्हणतात तोच. पावसाळ्यात ही माती पाणी धरून फुगते आणि वीज छान वाहून नेते. एप्रिल-मे आला की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इंदुरात ज्याने घर बांधले त्याला या मातीने भिंतीला दिलेले तडे माहीत असतात. तीच माती पाइपालाही सोडून मागे सरकते हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

अडचण

लॅबने रक्ततपासणीचे नवे मशीन घेतले होते. कंपनीच्या अटींच्या कागदावर दोन ओळी होत्या: अर्थिंगचा रोध १ ओहमच्या आत (जितका कमी तितके अर्थिंग चांगले), आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) ते अर्थ व्होल्टेज २ व्होल्टच्या आत. मशीन खोक्यातच, जिन्याच्या वळणावर उभे. वॉरंटीचे दिवस चालू झालेले.

ट्रस्टच्या फायलीत इलेक्ट्रिक कंत्राटदाराचे प्रमाणपत्र होते: ०.३ ओहम. मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने मोजले: ३४ ओहम. दोन वर्षांपूर्वी सोलर बसवणाऱ्यांनी मोजले होते: २.४ ओहम. लॅबच्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज दुपारी ६.४ व्होल्ट येत होते. म्हणजे दुसरी अटही नापास.

सचिवकाका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. फोनवर म्हणाले, "ताई, एकाच माणसाला तीन थर्मामीटर लावले आणि ९७, १०१ नि १०७ आले असं झालंय. कुठला फोडायचा तेवढं सांगा."

त्यांच्यापुढे कोटेशनही येऊन पडले होते. तीन केमिकल अर्थिंग (पाइपाभोवती मिठाऐवजी तयार रसायन भरलेले), मिळून ४२ हजार रुपये. रविवारच्या बैठकीत मंजूर व्हायचे होते. मला बोलावले ते खरे तर त्या कोटेशनवर सही करायला.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग प्रमाणपत्रावर विश्वास ठेवून ०.३ चा कागद कंपनीला पाठवायचा. कंपनीच्या माणसाने स्वतः ३४ पाहिले होते, त्यामुळे तो बंदच होता.

दुसरा, कोटेशन मंजूर करायचे. लोक बहुतेक वेळा हेच करतात आणि मला त्यांचा राग येत नाही. खड्डा खणलेला दिसतो, पैसे कुठे गेले ते कळते. पण आजचा आकडा किती हेच माहीत नसेल तर तीन खड्ड्यांनंतर तो किती खाली आला हे कोण सांगणार? काम झाल्यावर पुन्हा एक माणूस पुन्हा एका पद्धतीने मोजणार आणि चौथा आकडा येणार.

तिसरा, आधी नीट मोजायचे. त्यातही पोटप्रश्न होता, कोणत्या पद्धतीने.

क्लॅम्प मीटर, पट्टीला चिमट्यासारखा अडकवायचा, झटपट असतो. काही सोडवावे लागत नाही, खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत. पण तो मोजतो एका बंद वळशाचा रोध. तो वळसा मातीतून जातो की नुसत्या लोखंडातून, हे मीटरला कळत नाही. ते आपण ठरवायचे.

तीन टोकांची जुनी पद्धत भरवशाची. अर्थ टेस्टरचे एक टोक इमारतीच्या अर्थिंगला, दुसरे करंटच्या खुंटीला दूर, तिसरे व्होल्टेजच्या खुंटीला मधे कुठेतरी. करंटच्या खुंटीच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर व्होल्टेजची खुंटी ठोकली की खरा रोध मिळतो असे सगळे पाठ म्हणतात. पाठ बरोबर आहे. मात्र करंटची खुंटी पुरेशी लांब हवी. एकट्या पाइपाला वीस-तीस मीटर पुरतात. चार खड्डे एकमेकांना जोडलेले असले की सगळी इमारत हाच एक मोठा इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेला धातू) होतो, आणि मग अंतर इमारतीच्या कर्णाच्या कितीतरी पट लागते. इथे कर्ण जवळजवळ २९ मीटर, म्हणजे शंभर मीटरच्या आसपास मोकळी जागा हवी. जुन्या वस्तीत ती आणायची कुठून?

जागा कमी असेल तर व्होल्टेजची खुंटी २०, ४० आणि ६० टक्क्यांवर ठोकून तीन आकड्यांच्या उतारावरून गणित मांडण्याची टॅग नावाच्या संशोधकाची पद्धत आहे. ती मी राखून ठेवली होती. गल्लीत गॅसची, पाण्याची, केबलची गर्दी असताना ती कितपत खरी बोलेल याची शंका होती.

पहिला निर्णय: वीज बंद करायची की नाही

इमारतीचे अर्थिंग एकटे मोजायचे तर ते पॅनेलपासून सोडवावे लागते. चालू इमारतीचे अर्थिंग सोडवणे म्हणजे त्या वेळी गळणाऱ्या करंटची वाट तोडणे. पट्टी एका हातात, पाइप दुसऱ्या हातात असलेला माणूस मग ती वाट होतो. आधी क्लॅम्पने गळती पाहिली तर ०.१८ अँपिअर निघाली. एवढ्या आकड्याला माणूस जातो.

लॅबच्या डॉक्टरबाई वीज बंद करायला तयार नव्हत्या, फ्रिजमध्ये नमुने होते. वरची मुले परीक्षेची. शेवटी रविवारी सकाळी सात ते नऊ ठरले. फ्रिजचे नमुने बर्फाच्या डब्यात. मेन बंद आणि कुलूप, जनरेटर कुलूप, सोलरचा इन्व्हर्टर बंद. आभाळ भरून आले असेल तर काम रद्द, हेही आधीच सांगून ठेवले. लिंक (अर्थिंग पॅनेलला जोडणारा दुवा) उघडी असताना वीज पडावी असे कुणालाच वाटत नाही. महिना ऑक्टोबर, पाऊस नुकताच गेलेला. त्या महिन्याबद्दल पुढे सांगते.

पहिला रविवार: गल्लीत

गल्लीत सरळ रेषेत वीस मीटरच मिळत होते. तरी सुरुवात तिथूनच केली, कारण सोलरवाल्यांनी तिथेच मोजले असणार असे वाटत होते. करंटची खुंटी २० मीटरवर. व्होल्टेजची खुंटी सरकवत नेली आणि आकडे असे आले:

४ मीटरवर १.७
८ मीटरवर २.०
१२ मीटरवर २.४
१६ मीटरवर ३.७

२० चे ६२ टक्के म्हणजे १२.४. सोलरवाल्यांचा २.४ तिथला. त्यांनी पाठ चुकवलेला नव्हता.

पण हे आकडे पाहा. कुठेही सपाटी नाही, चढतच जातात. खुंटी चार मीटर इकडे-तिकडे झाली की उत्तर बदलते. करंटच्या खुंटीच्या भोवतीची माती आणि इमारतीच्या अर्थिंगभोवतीची माती एकमेकींवर चढली की असे होते. दुसरी खोच याहून बारीक आहे. ६२ टक्के मोजायचे ते इलेक्ट्रोडच्या विद्युत केंद्रापासून. एका पाइपाचे केंद्र म्हणजे तो पाइपच. चार कोपऱ्यांच्या जाळ्याचे केंद्र इमारतीच्या मधोमध, आपण जिथे तार जोडली त्या कोपऱ्यापासून चौदा-पंधरा मीटर आत. टेप मात्र आपण कोपऱ्यापासून धरतो. अंतर शंभर मीटर असेल तर ही चूक किरकोळ ठरते, वीस मीटरला ती सगळे उत्तर खाऊन टाकते.

सपाट भाग सापडत नाही तोवर एकही आकडा लिहायचा नाही, असे ठरवून नऊला वीज चालू केली आणि कोपऱ्यावर पोहे खायला गेलो. काकांनी विचारले, "मग किती?" मी म्हटले, "अजून नाही काका." त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बैठक पुढे ढकलावी लागली.

दुसरा रविवार: शाळेचे मैदान

समोर रस्ता ओलांडून एका शाळेचे मैदान आहे. परवानगी काकांनी मिळवली. रस्त्यावरून तार न्यायची म्हणून दोन मुले दोन्ही बाजूंना उभी केली, तारेवर चुन्याच्या पिशव्या ठेवल्या. करंटची खुंटी कोपऱ्यापासून ११० मीटरवर गेली.

पहिला घोळ खुंटीचा. मैदानात वर मुरूम टाकून दाबलेला होता. खुंटी जेमतेम वीतभर आत गेली आणि मीटर सूचना देऊ लागला की करंट पुरेसा जात नाही. आकडा तरी येत होता, दर वेळी वेगळा. अशा वेळी घाईतला माणूस मधला आकडा लिहून मोकळा होतो. आम्ही दोन खुंट्या मीटरभर अंतराने ठोकून तारेने जोडल्या, दोन्हींवर बादलीभर पाणी ओतले, दहा मिनिटे थांबलो. मीटर शांत झाला. करंटच्या खुंटीवर पाणी ओतणे ही लबाडी नाही. तिचा रोध उत्तरात येत नाही, फक्त करंट जायला हवा. अर्थिंगच्या खड्ड्यात मोजण्याआधी बादल्या ओतणे ही मात्र लबाडी आहे, आणि ती सर्रास चालते.

मग आकडे घेतले. व्होल्टेजची खुंटी ५३ मीटरवर ०.९१, ६३ मीटरवर ०.९३, ७३ मीटरवर ०.९६.

सपाट, सुंदर आणि १ च्या आत.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण माझ्या मते हाच. कंपनीला हवा तो आकडा, पुस्तकातल्यासारखी रेषा, काकांना बैठकीत सांगायला गोड बातमी, ४२ हजार वाचलेले. मी वहीत लिहायला पेन काढलाही. खटकली ती एकच गोष्ट: गल्लीतल्या आकड्यांशी याचा मेळ बसत नव्हता. तिथे करंटच्या खुंटीपासून सर्वात दूर, म्हणजे सर्वात कमी आकडा येतो त्या जागीसुद्धा १.७ होते. इथे त्याच्या निम्मे कसे?

आमचा वायरमन पस्तीस वर्षे याच वस्तीत काम करतो. त्याने मैदानाच्या कडेची झाकणांची रांग दाखवली. "दीदी, अपनी तार तो नर्मदा लाइन के ऊपर-ऊपर चल रही है।" इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून येते, सत्तरेक किलोमीटरवरून; वस्तीतल्या त्या पाण्याच्या जुन्या लोखंडी पाइपाला सगळे नर्मदा लाइनच म्हणतात. आमच्या खुंट्यांची रांग तिला समांतर, दीड-दोन मीटरवर. मातीतून जायचा करंट पाइपातून पळत होता.

रांग काटकोनात फिरवली. मैदान लांबट असल्याने तिरपे जावे लागले, पण ११० मीटर मिळाले. ५३ मीटरवर १.८५, ६३ मीटरवर १.९०, ७३ मीटरवर १.९७. याही आकड्यांत थोडा चढ आहे, पण वीस मीटरमध्ये सहा-सात टक्के. हा १.९० मी लिहिला.

लिहिताना सोबत आणखी एक आकडा लिहिला. पुरवठ्याच्या खांबाकडून येणाऱ्या केबलचे आर्मर (बाहेरचे लोखंडी कवच) पॅनेलच्या ग्लँडपाशी (केबल आत घेणाऱ्या पकडीपाशी) आपल्या अर्थिंगला जोडलेले होते आणि दुसऱ्या टोकाला पिलरच्या अर्थिंगला. ते सोडवून १.९०, जोडून १.२. इमारतीचे अर्थिंग म्हणजे यांतले कोणते? रोज वापरात असते ते १.२. पण उद्या केबल बदलली, कुणी ग्लँड सैल ठेवला, तर उरतो १.९०. मी अहवालात दोन्ही दिले आणि हिशेब १.९० धरून केला. याबद्दल वेगळे मत असू शकते.

०.३ आणि ३४ कुठून आले

आता जुन्या दोन आकड्यांचा उलगडा सोपा होता.

कंत्राटदाराने क्लॅम्प लावला होता पाइपावर नव्हे, वर गेलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर. दोन्ही पट्ट्या खाली त्याच पाइपाला आणि वर त्याच बसबारला (पॅनेलमधल्या मुख्य पट्टीला). म्हणजे एक पट्टी वर जाते, दुसरी खाली येते, वळसा पूर्ण. माती यात कुठेच नाही. मी त्याच जागी क्लॅम्प लावला, ०.३ आला. पाइपाच्या मानेवर, दोन्ही पट्ट्यांच्या खाली लावला तर ८.८ आला. तोही थोडा जास्त सांगतो, कारण त्यात त्या खड्ड्याचा रोध अधिक बाकी सगळ्यांचा मिळून रोध येतो. पण निदान तो मातीतून गेलेला असतो.

मशीनच्या इंजिनिअरने लॅबच्या बाजूचा तिसरा खड्डा लिंक उघडून एकटा मोजला होता. मी चारही तसेच मोजले. ६.२, ७.१, ८.०, आणि तिसरा ३४. त्याचा मीटर नीट होता, त्याने मोजलेही नीट. फक्त त्याने इमारतीचे म्हणून जे लिहिले ते एका खड्ड्याचे होते.

तीन मीटर, तिन्ही खरे. एकाने लोखंडी पट्टी मोजली, एकाने एक पाइप, एकाने कमी जागेत सगळे जाळे. अहवालात तिघांनीही लिहिले होते "अर्थ रेझिस्टन्स".

तिसरा खड्डा उघडला. झाकणाखाली हातभर कोरडी माती, पाइप हाताने हलत होता. वरच्या फूटभरात मिठाने पाइप इतका खाल्ला होता की स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. खपल्या हातात आल्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकावर एक. मीठ रोध कमी करते आणि पाइपही कमी करते, हे आपल्या जुन्या पद्धतीचे दुखणे आहे.

न्यूट्रलचे ६.४ व्होल्ट

आता दुसरी अट. सगळ्यांनी धरून चालले होते की अर्थिंग खराब म्हणून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज जास्त. हिशेब करून पाहिला तर पटेना. गळती ०.१८ अँपिअर, रोध १.९ ओहम, गुणाकार ०.३४ व्होल्ट. म्हणजे ६.४ मधले सहा व्होल्ट कुठून तरी दुसरीकडून येत होते.

सॉकेटवर मीटर लावून ठेवला आणि लॅबचे तिन्ही एसी एकेक करून बंद केले. ६.४ वरून ४.९, मग ३.३, मग १.९. अर्थिंगला एसी चालू आहे की बंद याच्याशी काय देणेघेणे? न्यूट्रलला आहे. पहिल्या मजल्याच्या डीबीचे (वीज वाटणाऱ्या पेटीचे) झाकण काढले तर न्यूट्रल लिंकचा एक स्क्रू सैल, शेजारच्या काळ्या वायरीचे आवरण तपकिरी होऊन ठिसूळ झालेले. शिवाय मशीनच्या सॉकेटचा आणि एसींचा न्यूट्रल एकच, डीबीपासून मेन पॅनेलपर्यंत.

स्क्रू आवळला, वायरीचे टोक कापून नवे लग चढवले, मशीनसाठी मेन पॅनेलपासून वेगळा न्यूट्रल ओढला. भर दुपारी, एसी चालू असताना १.१ व्होल्ट. या सगळ्याला ४२ हजारांच्या तीन केमिकल अर्थिंगने रेघभरही फरक पडला नसता.

दुसरा निर्णय: खोल जायचे की आडवे

तरी तिसरा खड्डा मेलेला होताच, काहीतरी करायला हवे होते. खोल जायचे की नाही हे ठरवण्याआधी मैदानाच्या काळ्या मातीच्या भागात चार खुंट्यांची चाचणी घेतली. वेन्नर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९१५ मध्ये मांडलेली ही पद्धत अजूनही तशीच चालते: चार खुंट्या समान अंतरावर, आणि मीटरच्या आकड्याला २ गुणिले पाय (३.१४) गुणिले अंतर. खुंट्यांतले अंतर जितके वाढवाल तितकी खोलची माती बोलते.

१ मीटर अंतराला १२ ओहम-मीटर. २ मीटरला १४. ४ मीटरला २५. ८ मीटरला ५५.

खाली जावे तसा रोध चढतो. वरचा काळा थर चांगला, खालचा मुरूम-पाषाण वाईट. नदीकाठच्या गाळात खोल गेल्याने फायदा होतो, इथे खोल जाणे म्हणजे पैसे देऊन दगड विकत घेणे. कोटेशनमधले तिन्ही केमिकल अर्थिंग ३-३ मीटरचे, तेही एका रांगेत दीड मीटर अंतराने. इतक्या जवळ ठोकलेले तीन इलेक्ट्रोड तिघांचे काम करत नाहीत. निदान लांबीच्या दुप्पट अंतर तरी हवे.

म्हणून तिसरा खड्डा नवा केला, मिठाऐवजी बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी माती) भरून. आणि मागच्या मोकळ्या पट्ट्यात जवळजवळ मीटरभर खोल, २५ मीटर लांब उघडी जीआय पट्टी आडवी पुरली. काळी माती वरून सुकते म्हणून तेवढी खोली. त्याहून खाली मुरूम लागत होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कंटाळवाणा चर. सगळा खर्च कोटेशनच्या निम्म्याहून थोडा कमी आला.

निष्पत्ती

नोव्हेंबरात त्याच रेषेत, त्याच अंतरांवर पुन्हा मोजले: १.४५ ओहम. १ च्या आत नाही.

कंपनीला मी दोन पानांचे पत्र लिहिले. त्यात आकडा, पद्धत, खुंट्यांची दिशा आणि अंतरे, काय जोडलेले होते आणि काय सोडलेले, तारीख, आदला पाऊस केव्हाचा, आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेजची दिवसभराची नोंद. सोबत एक प्रश्न: १ ओहमची अट मशीनला कशासाठी हवी आहे? उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्यांच्या वरिष्ठ इंजिनिअरने व्होल्टेजची अट कायम ठेवली आणि रोधाची ५ ओहमपर्यंत सैल केली. मशीन खोक्यातून निघाले.

हे कळवताना काकांना एक गोष्ट निक्षून सांगावी लागली. १.४५ आला म्हणजे शॉक लागणार नाही असे नव्हे. २३० व्होल्टला १.४५ ने भागा, जास्तीत जास्त १५९ अँपिअर. इमारतीचा मेन ब्रेकर १०० अँपिअरचा. तो एवढ्याने लगेच पडत नाही, बराच वेळ तापत बसतो. वरच्या खोल्यांच्या गिझरला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे स्विच) नव्हते. अर्थिंगवर दोन महिने चर्चा चाललेल्या इमारतीत मुलांचा जीव वाचवणारी वस्तूच नव्हती. ती त्याच आठवड्यात बसली.

मग मे आला. मी स्वतःहून गेले. मैदानाला भेगा पडलेल्या, खुंटी भेगेत ठोकायची नाही एवढे भान ठेवून त्याच रेषेत मोजले. २.२ ओहम.

आज केले असते तर

पहिली चूक ऋतूची. आपल्या देशाच्या १९५६ च्या वीज नियमांत आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या (सीईए) २०१० च्या सुरक्षा नियमांतही, पुरवठादाराच्या अर्थिंगची चाचणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी घ्या असे लिहिले होते. मी ऑक्टोबरात मोजले कारण मशीन ऑक्टोबरात आले. ते टाळता आले नसते. पण पहिल्याच अहवालात "मे महिन्यात हा आकडा दीडपटीपर्यंत जाऊ शकतो" हे वाक्य हवे होते. नव्हते. मेचा २.२ पाहून काकांना वाटले काम बिघडले, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नव्हती.

दुसरे, वस्तीतल्या जमिनीखालच्या लाइनी आधी विचारायला हव्या होत्या. वायरमनने झाकणे दाखवली नसती तर तो ०.९३ माझ्या सहीने गेला असता. आता मी कुठेही गेले तर खुंट्यांची रांग एकदा तरी वेगळ्या दिशेला फिरवतेच. दोन दिशांना आकडे जुळले नाहीत तर दोन्ही खोटे धरते.

तिसरे, न्यूट्रलची तपासणी आधी करायला हवी होती. तिला वीज बंद करावी लागत नाही, परवानगी लागत नाही, अर्धा तास लागतो. मी दोन रविवार मैदानात घालवले आणि लॅबची खरी अडचण पहिल्या मजल्यावरच्या एका स्क्रूत होती. बोलावताना लोक रोगाचे नाव घेऊनच येतात, "अर्थिंग खराब आहे", आणि आपणही तेच धरून चालतो.

आर्मरच्या प्रश्नावर मी अजूनही पक्की नाही. काही सहकारी म्हणतात, वापरात असते तेच मोजा, १.२ लिहा. पुरवठ्याकडच्या बाजूवर आपला ताबा नाही, म्हणून मी आतल्या आकड्यावर अडून बसते. ही सावधगिरी की हट्ट, हे प्रकरणागणिक बदलते.

चारही खड्ड्यांच्या झाकणांच्या आत आता पत्र्याच्या पाट्या आहेत. त्यांवर खड्ड्याचा क्रमांक, एकट्याचा रोध, सगळ्यांचा मिळून रोध, महिना, आणि क्लॅम्प कुठे लावायचा त्याचा बाण, पाइपाच्या मानेकडे. गच्चीवरच्या वीजरोधकाचे (पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचे) अर्थिंग मात्र अजून वेगळे, या जाळ्याला न जोडलेले आहे. ते जोडावे असे मी लिहून दिले आहे. विषय पुढच्या बैठकीत घेऊ, असे काका म्हणाले आहेत.